कितव्या हाकेला ओ द्यावी

आकाश कोणाच्याही मालकीचं नसतं आणि म्हणूनच ते सगळ्यांचं असतं, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी महाडात राहून बनवलं आहे. इथे आकाशाचे चार महिने ढगांत जातात, आणि उरलेल्या आठ महिन्यांत त्याच्याकडे बघायचं कोणाला काही कारण पडत नाही. मलाही पडलं नव्हतं.

मी ग्रंथपाल होतो. ग्रंथपालाला आयुष्यभर लोक काहीतरी विचारतात. अमुक पुस्तक आहे का, तमुक कुठे ठेवलंय, पंखा चालू करू का. प्रश्न फार खोल नसतात, पण माणूस त्यांच्या आधारावर उभा असतो, हे निवृत्तीनंतर कळतं. लग्न मी केलं नाही, त्यामुळे घरातही विचारणारं कोणी नव्हतं. फोन वाजायचा, पण पलीकडची बाई ध्वनिमुद्रित असायची, आणि मी काय म्हणतो याची वाट न बघता पुढे बोलत राहायची.

घर गावाच्या टोकाला, नदीच्या बाजूला. मागे भातखाचरं, आणि गच्चीवरून पूर्वेला थेट वरंधच्या डोंगरापर्यंत नजर जाते. तळमजल्याची खोली रिकामी. पुरात तिथली दोन कपाटं गेली, तेव्हापासून मी तिथे काही ठेवत नाही. याच खोलीसाठी एक दिवस एक माणूस दारात आला. पन्नाशी उलटलेला, दंडाने जाडजूड. पूर्वी कधीतरी वाचनालयात येऊन इंजिनांची पुस्तकं चाळायचा, एवढीच ओळख.

"सर, खालची खोली रिकामी हाय ना? छत्री ठेवायची होती."

"छत्रीला खोली कशाला? दाराला अडकवून जा."

"मोठी हाय," तो म्हणाला. "आणि तिला इंजिन हाय."

तो पोलादपूरच्या वरच्या वाडीतला. आंबेनळीच्या रस्त्याला लागलं की डावीकडे डोंगरावर चार-दहा घरं दिसतात, त्यांतलं एक. मुंबईत लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. "जन्मभर वर-खाली केलं सर, पण भिंतीच्या आत," असं तो सांगायचा. नोकरी सोडल्यावर घाटावर कुठेतरी जाऊन तो उडायला शिकला, लागणारे कागद केले, आणि एक वापरलेलं पॅरामोटर घेऊन आला. पाठीवर इंजिन, त्याला जाळीच्या कड्यातला पंखा, वर कापडाचा लांब पंख आणि मधे लोंबकळणारा माणूस, असा तो प्रकार. गावाने एका दिवसात त्याचं नाव छत्री ठेवलं. वाडीवर उतरायला सपाट जागा नव्हती; माझ्यामागे कापणी झालेली खाचरं होती. म्हणून मी.

थंडीत दर दोन-चार दिवसांनी तो सकाळच्या गाडीने यायचा. मी चहा करायचो. तो कापड खाचरात पसरायचा, दोऱ्या सोडवायचा, बांध टाळून धावत सुटायचा आणि अचानक त्याचे पाय जमिनीला लागेनासे व्हायचे. मी गच्चीत जाऊन उभा राहायचो. नदीवरच्या धुक्याच्या वर तो फिरत असताना इंजिनाचा आवाज लांबून शिवणयंत्रासारखा येत राहायचा. आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक, एवढं मला कळत होतं. उतरल्यावर तो दुसरा चहा घ्यायचा आणि वरून काय दिसलं ते सांगायचा. माझ्या आठवड्यातलं संभाषण म्हणतात ते हेच.

मग ती कमान झाली. गावात येणाऱ्यांच्या स्वागतासाठी रस्त्यावर एक भव्य कमान उभारली होती, आणि तिच्या उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते. पाहुणे हेलिकॉप्टरने आले, म्हणजे कमानीवरून. त्याची मला तक्रार नाही. तक्रार ही, की डोंगराच्या कडेने ते हेलिकॉप्टर अचानक बाहेर आलं तेव्हा माझा मित्र त्याच उंचीवर होता. मी गच्चीतून पाहत होतो. हेलिकॉप्टर बाजूने गेलं, आणि त्यानंतर छत्री एका अंगाने मिटली. कपडे वाळत घातलेली दोरी तुटावी तशी ती लोंबली. मग उघडली. मग दिसेनाशी झाली.

मी धावलो. माझ्या वयाला ते शोभलं नसेल. तो एका वालाच्या शेतात बसलेला सापडला. कोपर सोलवटलं होतं, बाकी धडधाकट होता. शेताची मालकीण समोर उभी होती.

"दुसरी जागा नव्हती रे तुला? फुलावर आलेला वाल माझा!"

"अगो बाय, हेलिकॉप्टर आला ना अंगावर."

"हेलिकॉप्टरने तुडवला काय माझा वाल? तू तुडवलास!"

"मरता मरता वाचलो गो!"

"वाचलास ना? मग उठ आता. जास्त नको चिरडूस."

त्या संध्याकाळी पाहुण्यांनी भाषणात तरुणांना आकाशाला गवसणी घालायला सांगितलं. त्यांच्या वैमानिकाला वाटेत काहीही दिसलं नव्हतं.

थोड्या दिवसांनी एका सभागृहात बैठक झाली. हवाई पर्यटन वाढवावं आणि ते सुरक्षितही असावं, असा तिचा दुहेरी हेतू होता. व्यासपीठावर पाच खुर्च्या आणि सहा पाहुणे होते, त्यामुळे सुरुवातीचा वेळ विनयात गेला. मग एका तज्ज्ञ साहेबांनी मुद्दा मांडला: लहान, हौशी विमानांनाही ट्रान्सपॉन्डर सक्तीचा करावा. मराठीत त्यांनी त्याला 'प्रतिसादित्र' म्हटलं आणि श्रोत्यांकडे अपेक्षेने पाहिलं.

माझ्या शेजारी माझा मित्र होता आणि त्याच्या शेजारी त्याची आई. ती डोळे दाखवायला महाडला आली होती आणि मुलाचं उडणं सरकार बंद करणार अशी कुणकुण लागल्याने आनंदाने बैठकीला बसली होती.

"काय म्हनतोय रे तो?" तिने विचारलं. कानाने कमी असल्यामुळे तिची कुजबुज सभागृहभर जाते.

"यंत्र हाय आये. वर उडताना कोणी हाक मारली, की ओ देतं. मी इथं हाय, इतक्या उंचीवर हाय, असं सांगतं."

"कोन मारनार हाक?"

"दुसरं विमान. नाय तर जमिनीवरनं."

"आनि हे कितव्या हाकेला ओ देतं?"

"पयल्या."

"मग नको," ती मोठ्याने म्हणाली. "सायेब, ते नको!"

साहेबांनी आजींची अडचण काय ते विचारलं. ती मीच उठून सांगितली, कारण तिच्या मुलाला हसू आवरत नव्हतं. त्या वाड्यांवर दिवेलागणीनंतर रानातून हाक आली, तर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. दुसऱ्याही नाही. चकवा दोनदाच हाक मारतो, ओळखीच्या आवाजात मारतो, आणि जो ओ देतो त्याला घेऊन जातो. तिसरी हाक त्याला जमत नाही. म्हणून तिसरी आली, की मगच माणसाने तोंड उघडायचं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी शेजारच्याशी विचारविनिमय केला आणि म्हणाले, "सेटिंगमध्ये तसं काही करता येईल का, ते बघून कळवतो."

त्यांच्याबद्दल माझं मत तिथे चांगलं झालं. बैठकीत बाकी ठरलं ते एवढंच, की सक्तीचा विचार व्हावा. विचार होईपर्यंत ज्याने त्याने आपलं बघायचं होतं.

सक्ती या शब्दाचं मला कधीच प्रेम नव्हतं. वाचनालयात शांततेची सक्ती होती आणि ती फक्त हळू बोलणाऱ्यांनी पाळली. इथेही गंमत तीच दिसत होती. लहानाने 'मी आहे, मी आहे' असं सांगत राहायचं, आणि मोठ्याने ऐकायचं की नाही ते मोठ्याने ठरवायचं. शिवाय आमच्याकडे डोंगर असे उभे आहेत, की जमिनीवरच्या रडारची हाक या खोऱ्यात पोचतच नाही. वजन आहे, बॅटरी आहे, किंमत आहे, आणि यंत्र लावलं म्हणजे आता कोणी धडकणार नाही असा एक खोटा धीर आहे. हे सगळं मला पटत होतं. उलट बाजूला एकच गोष्ट होती: हेलिकॉप्टरमध्ये आसपासच्या यंत्रांना हाक मारणारं यंत्र असतं, आणि त्या सकाळी त्याने हाक मारली असेल तर ओ द्यायला तिथे काही नव्हतं. मी गच्चीत उभा असतो. तत्त्वं मला खालून दिसत नाहीत, छत्री दिसते. म्हणून मी सक्तीच्या बाजूचा झालो, आणि सरकारच्या आधी मीच ती सुरू करायचं ठरवलं.

"नको सर," तो म्हणाला. चहाची बशी त्याने खाली ठेवली. "मी वर जातो, ते कोणी विचारू नये म्हणून. खाली सगळे विचारतात. नोकरी का सोडली, बायको मुंबईलाच का राहिली, हे खूळ कसलं. वर गेल्यावर पण कोणीतरी विचारणार, कोण तू, किती उंचीवर? मग जायचं कशाला?"

"मला कोणी विचारत नाही," मी म्हणालो. "अदलाबदल करायची का?"

त्याने बशी पुन्हा उचलली. आम्ही त्या विषयावर पूर्वी बोललो नव्हतो, नंतरही नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आईला पटवा. ती हो म्हणाली, तर लावतो." ती हो म्हणणार नाही, याची त्याला खात्री होती.

पुढच्या आठवड्यात मी वाडीवर गेलो. रस्ता संपल्यावर चढण आहे आणि चढण संपल्यावर घरं. ती अंगणात भिजवलेले वाल सोलत बसली होती. वाचनालयातल्या माणसाला ती मास्तर म्हणते. मी एकदा दुरुस्ती केली होती; ती तिने मान्य केली नाही.

"मास्तर, ते यंत्राचं बोलायला आलात?"

"हो, आई. त्या दिवशी एक सांगायचं राहिलं. ती हाक एकदा नसते."

"मग?"

"तुम्ही 'कोण' म्हणेपर्यंत कितीतरी वेळा मारून होते. पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा. थांबतच नाही."

तिचे हात थांबले. "तीनाच्या वर?"

"खूप वर."

तिने दोन-तीन दाणे सोलले. गोठ्यात म्हैस हलली. "मग तो चकवा नाय," ती म्हणाली. "चकव्याला इतका दम नसतो. ते मानूसच हाय, आनि त्याला काय कामधंदा नाय. लाव रे ते." शेवटचं वाक्य मुलाला होतं. तो दारात उभा होता आणि त्याचा चेहरा पडला होता.

यंत्र साबणाच्या दोन वड्यांएवढं निघालं. ते हाकेला ओ देतंच, शिवाय कोणी न विचारता दर सेकंदाला आपण कोण, कुठे आणि किती उंचीवर आहोत, हे जाहीर करत राहतं. अशी माणसं मी साहित्यसंमेलनांत पाहिली आहेत. यंत्राचा फायदा हा, की त्याचं खरं असतं. ते ऐकण्यासाठी मी एक छोटा रिसीव्हर आणवला. त्याची अँटेनाची काडी आम्ही गच्चीवर कपड्यांच्या दोरीशेजारी बांधली आणि वायर खाली माझ्या लॅपटॉपला जोडली. पडद्यावर नकाशा आला, आणि नकाशावर विमानं.

त्यांत छत्री नव्हती. मोठी विमानं होती, गोव्याला, कोचीला, आणखी कुठे जाणारी. ढगांच्या कितीतरी वर. महाडवरून रोज एवढी माणसं जातात, याची मला कल्पना नव्हती. दिवसभर एकेक ठिपका पडद्याच्या वरच्या कडेने यायचा, आपली उंची सांगायचा आणि खालच्या कडेने जायचा. त्यांतल्या कोणाला आपण आत्ता महाडवर आहोत हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी जेवताना लॅपटॉप समोर ठेवू लागलो. सोबतीत न बोलणारी माणसं मला चालतात.

छत्री उडायची तेव्हा एक ठिपका अगदी खाली, अगदी हळू फिरायचा. गच्चीतून आवाज ऐकायचा आणि खाली येऊन ठिपका बघायचा, अशी माझी जिन्यावरून ये-जा सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम आपोआप होऊ लागला.

एका रविवारी तो म्हणाला, "आज वरंध ओलांडून बघतो. पलीकडे घाटमाथ्यावर जाऊन परत." हवा शांत होती. मी नको म्हणालो नाही; कोणाला नको म्हणायची सवय मला राहिलेली नाही. तो उडाला. ठिपका पूर्वेला सरकत गेला, उंची वाढत गेली, डोंगराच्या माथ्याला लागला आणि पडद्यावरून गेला. डोंगराच्या पलीकडचं माझ्या काडीला ऐकू येत नाही, हे मला माहीत होतं. चहा झाला. भात लावला. ठिपका आला नाही. फोन लावला, तो आवाक्याबाहेर होता, हे ध्वनिमुद्रित बाईने सांगितलं. भात झाला, थंडही झाला. इंजिनात पेट्रोल किती वेळ पुरतं ते मला ठाऊक होतं, आणि ती वेळ टळून गेली होती.

तेव्हा त्याच्या आईचा फोन आला. रेंज मिळावी म्हणून ती देवळामागच्या कातळावर चढून बोलते, त्यामुळे वारा आधी ऐकू येतो.

"मास्तर, गावला काय तो तुमच्या यंत्रात?"

"डोंगराआड आहे, आई. येईल."

"मग हाक मारा ना त्याला."

मी लॅपटॉपकडे पाहिलं. माझ्या यंत्राला फक्त ऐकता येत होतं. हाक मारायची सोय त्यात नव्हती. हे मी विकत घेतानाच वाचलं होतं आणि तेव्हा त्यात काही कमी वाटलं नव्हतं. "मारतो," मी म्हणालो. तिने फोन बंद केला नाही. बराच वेळ आम्ही दोघं नुसता वारा ऐकत होतो.

आणि पडद्यावर, घाटाच्या अलीकडच्या अंगाला, ठिपका आला.

"आला," मी ओरडलो. "आई, आला, दिसला!" ती काहीतरी म्हणाली, बहुतेक देवाला, आणि वारा बंद झाला.

मी नीट पाहिलं, तेव्हा माझा आनंद थंड पडला. ठिपका कड्याला चिकटून होता. उजवीकडे जायचा, एकदम वळून डावीकडे जायचा, पुन्हा उजवीकडे. उंची घसरत होती. असं फक्त दोऱ्या गुंतलेला माणूस उडेल. मग एका जागी ठिपका थांबला. हवेत, इंजिन लावून, माणूस एका जागी थांबू शकत नाही. मी उठून उभा राहिलो, जणू त्याने काही होणार होतं. ठिपका तसाच थांबून होता. मग तो पुन्हा हलला आणि पुढच्या वळणाला वळला. तेवढ्यात फोन वाजला.

"सर, मी. इतका वेळ रेंज नव्हती. पलीकडं वारा सुटला, परत येता येईना, उतरलो एका माळावर. रस्त्यापर्यंत चालत आलो, एस्टी मिळाली. आत्ता घाटात चहाला थांबलेली." मागे कोणीतरी तावातावाने बोलत होतं. "थांबा हां, सर. — अहो कंडक्टर, पेट्रोल नाय त्यात, ओतून टाकलंय, वास नुसता! — सर, ऐकताय ना?"

"यंत्र बंद केलंस का?"

"आयला," तो म्हणाला. "राहिलं की. करू काय बंद?"

"नको," मी म्हणालो. "राहू दे."

वरंध घाट उतरणारी ती एस्टी दर सेकंदाला आपली ओळख आणि समुद्रसपाटीपासूनची उंची जाहीर करत महाडकडे येत होती. मी वाडीवर फोन लावला. ती अजून कातळावरच होती. मुलगा सुखरूप आहे, एस्टीने येतो आहे, हे मी सांगितलं. मग तिने नाक ओढलं आणि विचारलं, "बसायला जागा गावली काय त्याला?"

मी त्याला पुन्हा फोन करून विचारलं. जागा एकच होती, ती इंजिनाला दिली होती. तो उभा होता.